डाव्या हाताला काम नको

दुकानदाराने तिन्ही ऑर्गनांवरच्या चादरी एका झटक्यात ओढल्या आणि तिच्या कडेवरच्या बाळाला शिंक आली.

"घ्या! याला पसंत पडले," दुकानदार हसला.

"धूळ पसंत पडली," दाराजवळच्या स्टुलावरून तिची आई म्हणाली.

"बाळ सांभाळायला येते, बाकी मला काही विचारू नकोस," या बोलीवर आई आली होती. आणि बाळ तर लेकीच्याच कडेवर होतं. गेल्या वर्षीच्या अपघातानंतर आईच्या डाव्या हाताची बोटं हलत नव्हती. कुणीतरी जरा धरा म्हणून दिलेलं पुडकं असावं, तसा तो हात मांडीवर ठेवून ती बसली होती. जन्मभर ऑर्गन वाजवणाऱ्या आईने वर्षभरात एक स्वर वाजवला नव्हता. "एका हाताचं वाजवणं म्हणजे अर्धी मिशी," एवढंच म्हणायची, की विषय संपला.

लेकीचा मात्र संपत नव्हता. इतक्या तऱ्हेचे ऑर्गन माणसांनी केले, त्यात आईसाठी एखादा नसेल?

"हा धाकटा," दुकानदाराने पहिल्यावर थोपटलं. "आत पंखा आहे, तो हवा भरतो. डावीकडे ही बटणं. एक दाबलं की तीन स्वर एकदम. डाव्या हाताला कष्टच नाहीत."

तिने बाळ डाव्या कडेवर सरकवलं आणि उजव्या हाताने चार सूर वाजवून पाहिले. आतला पंखा दमेकऱ्यासारखा घुरघुरत होता.

"कष्ट नाहीत, पण काम आहे," ती म्हणाली. "पुढचा दाखवा."

पुढचा चकचकीत होता. बसच्या ड्रायव्हरसमोर नसतील इतके खटके त्याला होते. दुकानदाराने एक खाली केला आणि ढोलाचा ठेका सुरू झाला. बाळ पाय झाडायला लागलं.

"ठेका आपोआप! वर नुसते दोन हात फिरवायचे. बाळ द्या ना ताई माझ्याकडे. एका हाताने काय कळणार तुम्हाला?"

"एका हातानेच बघायचंय. डाव्या हाताला काही म्हणजे काही काम नको. आणि तरी वाजवणं पुरं वाटलं पाहिजे."

दुकानदाराने डोकं खाजवलं. मग त्याची नजर स्टुलाकडे गेली, मांडीवरच्या हातावर थांबली, आणि त्याने ठेका बंद केला.

"मग थोरला बघा," तो जरा हळू आवाजात म्हणाला. खाली वाकून त्याने फडक्याने लाकडी पट्ट्या पुसल्या. तेरा होत्या, जमिनीलगत ओळीने. "खालचे सूर पायाने. उजवा हात वर, डावा पाय खाली. पण थांबावं लागेल हं. आत जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या आहेत, त्या तापायला हव्यात. जुनं माणूस आहे, उठल्या उठल्या बोलतं करायचं नाही."

"जुनं कोणाला म्हणताय?" आईने विचारलं.

"ऑर्गनला, मावशी."

"हं."

सगळे थांबले. इस्त्री तापताना येतो तसा वास आला. मग लाकडाच्या पोटातून बारीक गुणगुण सुरू झाली. लेकीने कान टेकवला. बाळाचा तळवा लाकडावर ठेवला, तर ते हलायचंच थांबलं.

ती बाकावर बसली. लहानपणी आईनेच शिकवलेली सोपी चाल तिने उजव्या हाताने धरली आणि डावा पाय टेकवला. चपलेखाली एकदम दोन पट्ट्या आल्या. असा काही हंबरडा निघाला, की बाळाने तिचा गळा धरला. तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा दोन. तिसऱ्यांदा एकच पट्टी सापडली, तर तिच्यातून आवाजच येईना.

"अगं, चपला घालून?" स्टूल करकरलं. "मळणी चाललीय का?"

"मला दिसत नाहीये, कुठली पट्टी कुठे ते."

"बघायचं नसतंच. पायाला कळतं." आई स्टुलावरून पुढे वाकली. "आणि डावीकडून पाचवी मुकी आहे."

दुकानदार चपापला. "आत एक तार सुटलीय, मावशी. संध्याकाळपर्यंत जोडतो. मी सांगणारच होतो."

"सांगणार होतात. विकल्यावर."

"तुम्हाला तिथून कसं कळलं पण?"

आई आता ऑर्गनकडे बघत नव्हती, लेकीच्या पायाकडे बघत होती.

बघ ना एकदा बसून, हे शब्द लेकीच्या अगदी ओठांवर आले. गेल्या वर्षभरात ते असे कितीदा तरी आले होते, आणि दर वेळी आई उठून दुसऱ्या खोलीत गेली होती. तिने शब्द गिळले, बाळाला सावरलं आणि चाल चौथ्यांदा सुरू केली. दुसऱ्याच सुराला तिचा पाय शेजारच्या पट्टीवर पडला. तो चुकला, की तिने चुकवला, हे तिने पुढेही कधी कुणाला सांगितलं नाही.

"ऊठ," आई म्हणाली. आवाज अगदी जवळून आला.

ती घाईघाईने बाजूला झाली. दुकानदाराने बाक पुढे सरकवला आणि स्वतः मागे सरकला.

बाळाने मात्र मान वळवून दाराकडे पाहिलं. रिकाम्या स्टुलापाशी आईची एकच चप्पल होती, डाव्या पायाची.