डावा खांदा

"पडलात, काका. तिसऱ्यांदा."

मोटारसायकल शिकवणाऱ्या शाळेतल्या नागुमोबाईंनी बटण दाबलं. पडद्यावर आडवा झालेला रस्ता पुन्हा सरळ झाला. सरावाची गाडी जमिनीला बोल्टांनी आवळलेली, तिला चाकंसुद्धा नाहीत. तरी तोकुजिरोला दरदरून घाम फुटला होता. आणि त्याचा डावा हात अजून खांद्यापाशीच होता, पंजा उताणा, आभाळाकडे.

मागं आपल्या पाळीची वाट बघणारी पोरं फिदीफिदी हसली. "आजोबा, रस्सा सांडला!"

हसतील नाही तर काय! सदुसष्ट वर्षांचा हा गडी. त्यातली पंचेचाळीस वर्षं मात्सुमोतोच्या गल्लीबोळांतून घरोघर सोबा, म्हणजे रश्श्यातल्या शेवया, पोचवण्यात गेली. उजव्या हातात छोट्या गाडीची मूठ आणि डाव्या खांद्यावर हातानं तोललेली वाडग्यांची चळत. त्या गाडीला क्लचच नव्हता, त्यामुळं डावा हात मोकळा. पुढं सगळ्या दुकानदारांनी गाडीला मागं स्प्रिंगचं टांगणं बसवून घेतलं. यानं नाही. "टांगलेला रस्सा हिंदकळतो," म्हणायचा. ताठा होता, आणि का नसावा? इतक्या वर्षांत एक वाडगा फुटला नव्हता.

मोठ्या गाडीला मात्र डाव्या हाताशी क्लच. शाळेच्या मैदानात तो खऱ्या गाडीवर शहाण्यासारखा चालवायचा. मैदानात दुकानं नव्हती ना! इथं पडद्यावर गल्ली आली, दारं आली, की हात आपसूक वर. ऐन वेळी क्लच दाबायला जागेवर हातच नसायचा. एक गचका, की साहेब आडवे.

शिक्क्यांच्या पुस्तकात एकच चौकोन रिकामा होता, याच यंत्राचा. शिकण्याची नऊ महिन्यांची मुदत आज संध्याकाळी संपत होती. शिक्का नाही मिळाला तर सगळं मुसळ केरात, पुन्हा श्रीगणेशा. त्यात लायसन्स मिळाल्यावरही पुढं वर्षभर मागं कुणाला बसवायला बंदी. आणि बसवायचं होतं ते माणूस बाकावर संत्रं सोलत बसलं होतं, सहासष्ट वर्षांचं.

त्याच्या बायकोचं, सुमिएचं, माहेर डोंगरापलीकडं, समुद्राकाठी, इतोइगावाला. लग्न ठरताना यानं छाती फुगवून सांगितलं होतं, "मोटारसायकलवर बसवून माहेरी आणीन तुला." बिचारी सासरी येऊन बघते तर गाडी एका माणसाची, आणि त्या माणसाच्या खांद्यावर सोबा! जन्मभर ती आगगाडीनंच माहेरी गेली. आणि ती थाप त्याला जेवणाबरोबर रोज वाढत राहिली.

"काका, वाईट वाटून घेऊ नका," नागुमोबाई म्हणाल्या. "खऱ्या रस्त्यावर हा हात वर गेला तर? मी नाही शिक्का देऊ शकत."

तोकुजिरोनं मान खाली घातली. त्याला खरंच रडू येत होतं. हात त्याचा, पण त्याचं ऐकेल तर शपथ.

सुमिएनं संत्र्याची सालं रुमालात बांधली आणि उठली. "बाई, मी मागं बसले तर?"

"तसा नियम नाही हो, काकू."

"चाकं नसलेल्या गाडीला कसला आलाय नियम?"

नागुमोबाईंना हसू आलं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. "बसा. एकदाच."

सुमिए पाय टाकून मागं बसली. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच! तिनं आपला हात त्याच्या डाव्या खांद्यावर ठेवला.

पडदा उजळला. गल्ली आली. हात वर गेला. तिथं दुसराच हात होता. सुमिएनं चापटी मारली.

"जागा भरलीय. खाली घ्या."

हात खाली आला. एका वळणावर पुन्हा उचलला, पुन्हा चापटी. त्यानंतर मात्र तो क्लचवरच राहिला. पुढं एक उभा टेम्पो आला. त्याच्या आडून चेंडूमागं एक मूल धावत येतं. आज सकाळपासून शिकायला आलेलं एकही पोरगं त्यातून सुटलं नव्हतं. तोकुजिरोनं टेम्पो दिसताक्षणीच वेग उतरवला होता. मूल आलं, गाडी थांबली. इतकी अलगद, की काठोकाठ भरलेला वाडगासुद्धा डचमळला नसता.

मागं कुणी हसलं नाही.

"तुम्हाला कसं कळलं, मूल येणार म्हणून?" नागुमोबाईंनी विचारलं.

"मला कुठं कळलं? खांद्यावर काही असलं की मी जोरात जातच नाही."

"बरं. आता एकट्यानं. शिक्का एकट्याच्या नावावर असतो."

सुमिए उतरली आणि बाकावर जाऊन बसली. संत्र्याची फोड तिच्या हातातच राहिली. पोरंही पुढं सरकली. त्यातलं एक हळूच म्हणालं, "जमेल, आजोबा."

गल्ली आली. दुकानं आली, दारं आली. डाव्या हाताची बोटं एकदा उघडली. बोटं पुन्हा क्लचवर मिटली. टेम्पो आला, मूल आलं, गाडी अलगद थांबली. शेवटच्या सिग्नलपर्यंत हात जागचा हलला नाही.

नागुमोबाईंनी शिक्क्यावर फुंकर मारली आणि रिकाम्या चौकोनात तो दाबून उठवला. पोरांनी टाळ्या पिटल्या. पण बाईंना राहवेना.

"काका, खरं सांगा. काकू तर उतरल्या होत्या. मग हात वर कसा नाही गेला?"

तोकुजिरो गाडीवरून खाली उतरत होता. सावकाश, डावा खांदा जराही कलू न देता.

"उतरली कुठं ती?"