मधला गडी

जादूगाराने टोपलीतून कबूतर काढून दाखवले, टाळ्या झाल्या, आणि मोरोपंत कारभाऱ्यांनी गणोजीला पुढे व्हायची खूण केली.

देवासच्या टेकडीखाली सरदारांच्या बागेत मेजवानी होती. छावणीतले एक बडे साहेब पाहुणे आले होते. वैशाखाचे ऊन नुकतेच उतरले होते. भिश्त्यांनी पाणी मारलेल्या हिरवळीवर खुर्च्या मांडल्या होत्या आणि मागे पागेची माणसे रांगेत उभी होती. त्यांत गणोजीचे वडील, रघुजी जगताप, होते. सरदारांच्या घोड्यांना त्यांनी तीस वर्षे सांभाळले होते.

गणोजी सहा वर्षांपूर्वी सरदारांचे पोलोचे घोडे घेऊन विलायतेला गेला आणि तिकडेच राहिला. गिरण्यांच्या एका गावातला फुटबॉलचा संघ घोड्यांच्या मैदानाशेजारी सरावाला येई. हा त्यांच्यात मिसळला आणि दोन वर्षांत त्यांचा पगारी हाफबॅक झाला. मैदानातली मधली जागा त्याची. मागून आलेला चेंडू घ्यायचा, पुढे कोण मोकळा आहे ते हेरायचे आणि नेमका त्याच्या पायात द्यायचा. शनिवारी आठ-आठ हजार माणसे ते बघायला जमत. उन्हाळ्यात तिकडे सामने बंद असतात, म्हणून बहिणीच्या लग्नासाठी तो घरी आला होता. आपला मुलगा नेमके काय करतो हे रघुजींना कधी उमगले नव्हते. कोणी विचारले तर ते म्हणत, तिकडे नोकरीला आहे.

मोरोपंतांनी दुपारीच त्याला बजावून ठेवले होते. फेटा बांधून, अनवाणी यायचे, डोक्यावर चेंडू तोलत हिरवळीभोवती तीन फेऱ्या मारायच्या, शेवटी साहेबांना मुजरा करायचा. आपण हे असले काही करत नाही, असे गणोजीने सांगून पाहिले. त्यावर पंत आवाज न चढवता म्हणाले होते, "तुझे वडील अजून आमच्याच पागेत आहेत, एवढे ध्यानात ठेव."

तो आला तो मात्र बूट घालून, चेंडू काखेत धरून. मोरोपंतांचा चेहरा उतरला.

साहेबांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "सुना है तुम विलायत में खेलता है," ते म्हणाले. "गोरा लोग के साथ खेलता है, या उनका बूट साफ करता है?"

खुर्च्यांवर हशा पिकला. सरदारही हसले. पागेच्या रांगेतले दोघे-तिघे, बोलणे नीट ऐकू न येताही, धन्यांकडे बघून हसले. रघुजी हसले नाहीत.

गणोजीची कानशिले तापली. त्याने उत्तर दिले ते इंग्रजीत, आणि तेही गिरणीतल्या कामगारांच्या रांगड्या इंग्रजीत. साहेबांची मडमही चमकून वळली. आपण त्या संघाकडून त्र्याण्णव सामने खेळलो आहोत, त्या गावात लहान पोरेही आपल्याला नावाने ओळखतात, आणि तिकडे प्रत्येक जण आपले बूट आपणच पुसतो, असे त्याने सांगितले.

साहेबांचे हसू ओसरले. ते मोरोपंतांकडे वळून म्हणाले की बोलणे पुष्कळ झाले, आता काही तरी करून दाखवायला सांगा. अस्वलवाला केव्हाचा ताटकळला आहे.

गणोजीने चेंडू हिरवळीवर ठेवला.

"हा एकट्याने दाखवायचा खेळ नाही, पंत," तो मराठीत म्हणाला. "कोणाला तरी द्यावा लागतो. आणि त्याने परत द्यावा लागतो."

त्याने पायाच्या आतल्या बाजूने चेंडू हलकेच ढकलला. तो पंधरा-वीस हात सरळ घरंगळत गेला आणि साहेबांच्या उजव्या बुटाला टेकून थांबला. गणोजी दोन पावले बाजूला सरकला आणि चेंडू परत यायची वाट बघत उभा राहिला.

साहेबांनी पाय हलवला नाही. चेंडूकडे बघितलेही नाही. सरदार हातातल्या पेल्यात बघत राहिले.

"रघुजी," मोरोपंत दातओठ खात म्हणाले, "तो चेंडू उचला आणि पोराला घेऊन चालते व्हा. उद्या बोलू."

रघुजी रांगेतून निघाले. संपूर्ण हिरवळ ओलांडून यायला त्यांना वेळ लागला, त्यांचा एक गुडघा घोड्याच्या लाथेने कधीचाच निकामी झाला होता. साहेबांपाशी आले तेव्हा ते वाकतील असे सगळ्यांना वाटले. ते वाकले नाहीत. छातीवरचा पागेचा पट्टा त्यांनी सोडला, पितळी बिल्ल्यासकट घडी घातली आणि मोरोपंतांसमोरच्या टेबलावर ठेवला.

मग पायातला जोडा काढला आणि अनवाणी पायाने चेंडूला लाथ मारली.

ती लागली वेडीवाकडी. चेंडू टेबलाच्या पायावर आपटला, उसळला आणि भलतीकडेच निघाला. गणोजी धावला. अस्वलवाल्याच्या पुढ्यात त्याने तो छातीवर घेतला, पायाशी उतरवला आणि बुटाखाली दाबून धरला.

"बरोबर दिलात, आबा," तो म्हणाला.