पाना कुणाकडे

नातीसाठी सायकलला लावायची सीट घ्यायला आम्ही दुकानात गेलो. मुलाने सगळ्यांत सुरक्षित सीट निवडली. "ही पान्याने आवळावी लागते. पाना माझ्याकडेच राहील. कुठे जायचं असलं की मला सांग, बसवून देईन," तो बायकोला म्हणाला.

त्याच्या वडिलांनीही त्याच्यासाठी अशीच सीट आणली होती. रोज कामावर जाताना ते ती माझ्या सायकलवरून काढून कपाटात ठेवायचे आणि किल्ली खिशात टाकायचे. "चोरीला जाईल गं," म्हणायचे. कडेवरचं पोर सोडून मी कुठे जाणार? माहेर सायकलने अर्ध्या तासावर होतं. पोहोचायला मला सात वर्षं लागली.

मी दुकानदाराला म्हटलं, "भाऊ, पान्याशिवाय बसणारी दाखवा. माझ्या सुनेला एकटीला बसवता आली पाहिजे."