भावाच्या बाजूले

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्या घरी पैसे लावून पोकर चालतो. मला तो मोठ्या भावानं, गोपालदादानंच शिकवला. "पत्ते पाहाच्या आधीच डबल लावाचं, याले स्ट्रॅडल म्हनते. काळीज असलं त लाव." मी दरवेळी लावलं. तीन पोळ्यांत अमरावतीच्या फुलांच्या दुकानातला माझा अर्धा वाटा दादाकडे गेला. आता त्याच दुकानात मी त्याच्या पगारावर हार गुंफतो. माझं नशीबच फुटकं, असं बायकोला सांगत आलो.

यंदा दादाची कॉलेजात शिकणारी पोरगी आचल खेळायला बसली. तिनं पत्ते न पाहता नोट पुढे सरकवली. दादानं तिचा हातच धरला.

"पागल झाली का वं? न पाहता लावलं का आपल्यानंतर ज्याची पाळी, त्याचंच फावते. तो आपल्याले पाहून खेळते."

"मंग काका काहून लावते?"

दादा पत्ते पिसत राहिला.

माझ्यानंतरच्या पाळीची जागा त्यानं तीन वर्षांत कोणालाच दिली नव्हती. म्हणायचा, "भावाच्या बाजूले भाऊच पाह्यजे."