नुसतं पडून राहायचा दिवस

नर्सिंगच्या अभ्यासक्रमात नव्या मशीनचं ट्रेनिंग घालायचं होतं, म्हणजे जुनं काहीतरी काढणं आलं. प्राचार्यबाईंनी नेमका तो दिवस काढला, ज्या दिवशी प्रत्येक मुलीला पेशंट बनून संध्याकाळपर्यंत खाटेवर पडून राहावं लागे.

"बाई, तेवढा एक दिवस राहू द्या," जुन्या सिस्टर म्हणाल्या.

"दिवसभर लोळायचं आणि त्याला प्रॅक्टिकल म्हणायचं? घोरतात हो पोरी तिथे."

बैठकीतले सगळे हसले. सिस्टरही हसल्या, पण जरा उशिराच.

काही वर्षांनी बाईंच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. कुशीवर वळायचीसुद्धा मनाई. ड्यूटीवर त्यांच्याच कॉलेजात पहिली आलेली मुलगी होती. तिने मशीनवरचे आकडे तपासले, सलाइन नीट केलं, पाण्याचा ग्लास भरून शेजारच्या टेबलावर झाकून ठेवला.

"काही लागलं तर बेल दाबा हं, बाई," असं गोड आवाजात सांगून तिने दार ओढून घेतलं.

बाईंच्या घशाला कोरड पडली होती. त्यांनी हात लांबवला, पण बोटं टेबलाच्या कडेपर्यंतही पोचेनात.



बेल ग्लासच्याही पलीकडे होती.