दूध कुणाचं

"बाटली कुणाची?" प्रोग्रॅमरने तिसऱ्यांदा विचारलं. "दूध देणाऱ्या आईची, की पिणाऱ्या बाळाची? एक काहीतरी सांगा, सिस्टर."

"ज्याला भूक लागलीय त्याची."

"तसं लिहिता येत नाही."

"मग तुमचंच काहीतरी चुकतंय," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी फ्रीजचं तापमान वहीत टिपून घेतलं.

रुग्णालयाच्या दुग्धपेढीतली ही खोली. ज्या बाळांना स्वतःच्या आईचं दूध मिळत नाही, त्यांच्यासाठी इतर आया इथे दूध आणून देत. शेजारच्या नवजात विभागासाठी प्रोग्रॅमरने जावास्क्रिप्टमध्ये केलेली यंत्रणा आज सकाळपासून पेढीतही चालू झाली होती. तिच्यात तीन फायली होत्या: आई, बाळ, बाटली. कोण कुणाचं, हे प्रत्येक फायलीत एका ओळीत सांगायचं. आई बाळाची, असं त्याने पूर्वीच लिहून टाकलं होतं. दाखल बाळ व्हायचं, आई त्याच्यामागून यायची. बाटली त्याने तूर्त आईला जोडली होती. पण एका बाटलीत कधी तीन आयांचं दूध असतं आणि ती पाच बाळांत वाटली जाते, हे सकाळी कळल्यापासून त्याचं गाडं अडलं होतं.

दारातून एक बाई आत आली. कुणी न सांगता तिने हात धुतले, खांद्यावरच्या पिशवीतला बर्फ बाजूला केला आणि सहा बाटल्या टेबलावर ओळीत मांडल्या. सिस्टरनी तिचा क्रमांक टाकला.

स्क्रीनवर आलं: अशी आई नाही.

त्यांनी पुन्हा टाकला. अशी आई नाही.

"गुरुवारी तर घेतलंत माझ्याकडून," बाई म्हणाली.

"तेव्हा वही होती," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. आईची नोंद आणि तिच्या रक्ताचा अहवाल सापडल्याशिवाय लेबल छापलं जात नव्हतं, आणि लेबल नसलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवायची नाही, असा नियम होता. बर्फातून काढल्यापासून अर्धा तास. त्यानंतर दूध ओतून द्यायचं.

"थांबा, बाळावरून शोधू," प्रोग्रॅमर म्हणाला. "आई बाळाला जोडलेली आहे, जाणार कुठे? ताई, बाळाचा नंबर?"

"एकशे अठरा."

त्याने यादी उघडली. एकशे सतरानंतर एकशे एकोणीस होतं. त्याने यादी वर नेली, खाली आणली.

"कुणीतरी 'काढून टाका' दाबलंय. अहो, ते बटण चुकीच्या नोंदीसाठी आहे. बाळ काढलं की त्याला जोडलेली आई आपोआप पुसली जाते, तशी सोयच आहे. कुणी दाबलं?"

"मी," सिस्टर म्हणाल्या. "विभागात ड्यूटीला होते तेव्हा."

"नोंद चुकीची होती?"

"नोंद बरोबर होती."

"मग 'घरी सोडलं' दाबायचं ना. दोनच तर बटणं आहेत."

सिस्टरनी बाईकडे पाहिलं. बाई बाटल्यांवर जमलेलं पाणी पदराने पुसत होती. एकेक उचलून, बुडासकट.

प्रोग्रॅमरने त्या दोन बटणांकडे पाहिलं, मग सिस्टरकडे.

"दोनच आहेत," तो पुन्हा म्हणाला. या वेळी कुणाला सांगत नव्हता.

"सतरा मिनिटं राहिली," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी कपाटातून बाईच्या अहवालाचा कागद काढून त्याच्यापुढे ठेवला.

त्याने फाइल उघडली. 'आई बाळाची' ही ओळ खोडली. आपोआप पुसण्याची सोयही खोडली. आईला तिची स्वतःची नोंद दिली, कागदावरचे आकडे भरले. या वेळी यंत्रणेने आई घेतली. लेबलाचा तक्ता उघडला. त्यात एका रकान्यापुढे लाल खूण होती: बाळ.

"हे सक्तीचं आहे, ते काढतो," तो घाईने म्हणाला. "दोन मिनिटं. मग रिकामं ठेवता येईल."

"रिकामं कशाला?" बाई म्हणाली. "लिहा की, एकशे अठरा."

"ताई, हे दूध दुसऱ्या बाळाला जाणार. म्हणजे बाटली त्या बाळाची. नाहीतर मग तुमची. एकशे अठराची कशी..."

"माझी कुठे, दादा? आलंय ते त्याच्यासाठी. मी नुसती आणून देते."

त्याने सिस्टरकडे पाहिलं. त्या घड्याळाकडे बघत होत्या. त्याने एकशे अठरा लिहिलं. यंत्रणा म्हणाली, असं बाळ नाही. त्याने बाळाची नोंद नव्याने केली. यंत्रणेने विचारलं, विभागात की घरी? त्याने तो प्रश्नच काढून टाकला.

सहा लेबलं छापून आली. सिस्टरनी ती भराभर चिकटवली आणि बाटल्या फ्रीजमध्ये सरकवल्या. चार मिनिटं उरली होती.

बाईने पिशवीतलं बर्फाचं पाणी मोरीत ओतलं, पिशवीची घडी घातली आणि जाता जाता वाकून स्क्रीनकडे पाहिलं. एकशे सतराच्या खाली एकशे अठरा होतं.

"परवा येते," ती म्हणाली. "तोवर राहील ना हा इथे?"

"राहील," प्रोग्रॅमर म्हणाला.

ती जिना उतरून गेल्यावर त्याने फाइल पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतली.