छातीखाली विझली तर

हातातली जळती चूड खाली आणता आणता छातीशी आली आणि फस्सकन विझली.

"छातीखालीच आहे!" खळग्याच्या तळातून बालागिझी काठावरच्या बायकोला ओरडून म्हणाला. "जातो गं मी!"

चूड विझली ते चिबालोन्झाने पाहिलं, पण तिचं लक्ष नवऱ्याच्या पाठीकडे होतं. चूड धरताना हा बाबा शिपायासारखा ताठ उभा राहिला होता. ती टाकून चालायला लागला तो पुन्हा कोयत्यासारखा वाकून. दोन वर्षांत पाठ अशी गेली होती की तोंड पार छातीच्या उंचीला येऊन टेकलं होतं.

धुमसणारा डोंगर तिकडे लांब वर. पण त्याचा श्वास जमिनीच्या भेगांतून इथे खाली येतो आणि वारा पडला की खळग्यात पाण्यासारखा साचून राहतो. दिसत नाही, त्याला वास नाही. त्यात सापडलेली कोंबडी फडफडत नाही आणि माणूस ओरडत नाही. मझुकू म्हणतात त्याला, दुष्ट वारा. आणि त्याच डोंगराच्या राखेने खळग्यातली माती अशी काळीभोर केली आहे की नुसती काठी रोवली तरी पालवी फुटावी. घेवड्याचे वेल माणसाच्या डोक्यावर जातात. शेंगा वरच्या वर तोडायच्या. खाली पडली ती खळग्याची, वाकून उचलायची नाही. चूड छातीशी, छातीखाली विझली तर पुढे जायचं, गळ्याशी विझली तर माघारी फिरायचं. वाडवडलांचा नियम आहे हा आणि नियमात काही खोट नाही. फक्त तो ताठ माणसांसाठी केलेला.

"अहो, परत फिरा!" चिबालोन्झा ओरडली. "ऊन पडू द्या, वारा सुटू द्या!"

"कसलं ऊन? वर बघ की जरा!" मान उंचावून तो म्हणाला.

सरोवराकडून आभाळ भरून आलं होतं. वेलांवर शेंगा वाळून खुळखुळत होत्या. एक सर आली की सगळं कुजणार, मग वर्षभर खायचं काय? लेकी लांब दिल्या होत्या. हाताशी दुसरं कुणी नव्हतं.

शेवटी घरात कधी कुणी काढला नव्हता तो शब्द तिने काढला. "अहो, तुम्ही वाकलाय! तोंड छातीशी आलंय तुमचं!"

बालागिझी थांबला, कण्हत ताठ झाला. आता हा चिडणार, असं तिला वाटलं.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "मागच्या हंगामापासून. दम कोंडून एक ओळ तोडतो, वर चढून श्वास घेतो, परत उतरतो. दूधखुळा समजतेस का मला?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर येऊ दिलं असतंस?" आणि वर हसला मेला. "आता आलीच आहेस तर एक कर. मी वाकलो की ओरड."

तिला खाली उतरता येत नव्हतं. उंचीने ती त्याच्या खांद्याला लागायची, तिचं तोंड मझुकूतच बुडालं असतं. मग ती ओरडायला लागली.

"ताठ!"

तो कण्हत पाठ सरळ करायचा, हनुवटी वर काढून शेंगा तोडायचा.

"ताठ, अहो!"

"हो गं बाई! कोंबड्यासारखी आरवतेस नुसती!"

तिला हसू आलं. पाटी भरत चालली होती. ओळ संपतच आली होती. तेवढ्यात एक शेंग त्याच्या बोटांतून निसटली आणि खाली पडली. तिने पाहिलं. त्यानेही पाहिलं. पडलेल्या शेंगेला हात लावायचा नाही, हे जन्मभर दुसऱ्यांना बजावत आलेला माणूस. पण वाकलेल्याला वाकायला कितीसं लागतं?

"ताठ!" ती किंचाळली.

तो गुडघ्यांवर बसला. शेंग शोधत असावा तसा. मग आडवा झाला.

"ताठ! अहो, ताठ! उठा ना हो!"

तिच्या ओरडण्याने शेजारचा अकोंक्वा धावत आला. उंचापुरा पोरगा. तो छाती भरून श्वास घेऊन उतरला आणि म्हाताऱ्याला खांद्यावर टाकून वर घेऊन आला. मग पुन्हा जाऊन पाटीही आणली.

पाऊस दुपारी आला. घरात दुखवट्याला माणसं बसली होती. आलेल्यांच्या पोटात काहीतरी घालायला हवं, म्हणून बायका कोपऱ्यात तोच घेवडा सोलत होत्या.

"केवढाले दाणे गं! असा घेवडा दुसरीकडे कुठे—" एक जण बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

चिबालोन्झाला राग आला नाही. खोटं काय होतं त्यात?

जरा वेळाने अकोंक्वा तिच्याजवळ येऊन उकिडवा बसला. "काकू, आत्ता बोलू नये हे. पण मळा पडीक दिसला की दुसरा कोणी घुसेल. मला द्याल कसायला? निम्मं पीक तुमच्या दारात आणून टाकीन."

तिने त्याच्याकडे पाहिलं. बसला होता तरी पाठ सरळ होती. लग्नात बालागिझीची अशीच होती. तिच्या डोळ्यांना धार लागली.

"बायकोला घेऊन ये," ती म्हणाली. "ती हो म्हणाली तर घे."

"तिला काय विचारायचं त्यात, काकू? उतरणार तर मी."

"उतरशील तू," चिबालोन्झा म्हणाली. ओरडून ओरडून तिचा आवाज पार बसला होता. "पण काठावर तिला उभं राहायचंय."